शुक्रवारी डिप्लॉय करू नका

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका जुन्या कोडमधल्या सात ओळी उडवल्या. ग्राहकाचं आडनाव रिकामं असेल तर काय करायचं, एवढंच त्या ओळी ठरवायच्या. कोणी लिहिल्या माहीत नव्हतं, वर कमेंटही नव्हती. मला वाटलं, आडनाव नसलेला माणूस कुठे असतो? दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की भरपूर असतात. दक्षिणेत असतात, ईशान्येत असतात, आणि आडनावावरून जात कळते म्हणून ते मुद्दाम टाकून दिलेलेही असतात. त्या सगळ्यांचे अर्ज अडकले. माझा लीड ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "काढण्याआधी कोणाला विचारलं होतंस का?"

माझं राजकारण त्या प्रश्नापासून सुरू झालं. मी कन्झर्व्हेटिव्ह आहे. मराठीत याला धड शब्द नाही. 'सनातनी' म्हटलं की डोळ्यांसमोर शेंडी येते, 'पुराणमतवादी' ही शिवी वाटते आणि 'उजवा' म्हटलं की लगेच एका पक्षाचं उपरणं गळ्यात पडतं. मला अभिप्रेत असलेला अर्थ साधा आहे. जे चालू आहे ते का चालू आहे हे समजल्याशिवाय मोडायचं नाही. बदल करायचा तर विचारून, सावकाश आणि चूक झाल्यास मागे येता येईल अशा बेताने. आणि नियम स्वतःच्या माणसालाही तितकेच लागू.

या व्याख्येने पाहिलं तर आज आपल्याकडे आणि बाहेरही, माझ्या बाजूचे म्हणून मिरवणारे बहुतेक नेते कन्झर्व्हेटिव्ह नाहीतच. ते घाईवाले आहेत. त्यांच्या प्रत्येक घाईवर टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या मित्रांशी मला आज भांडायचं आहे.

वॉशिंग्टनचा शुक्रवार

सॉफ्टवेअरवाल्यांचा एक अलिखित नियम आहे. शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायचं नाही. बिघडलं तर निस्तरायला शनिवार-रविवारी कोणी नसतं.

१९ सप्टेंबर २०२५ हा शुक्रवार होता. त्या दिवशी एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलर शुल्क लावणाऱ्या आदेशावर अमेरिकेच्या अध्यक्षांची सही झाली. अंमल रविवारपासून. ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांनाही हे लागू आहे का, ते कोणालाच नीट कळेना. माझा कॉलेजचा एक मित्र तेव्हा घरी आला होता. वडील गेल्यानंतरचा पहिलाच पितृपक्ष, रविवारी सर्वपित्री अमावास्या. शनिवारी सकाळी त्याच्या कंपनीच्या वकिलांचा मेल आला, की मिळेल त्या विमानाने परत या. तो दुपारी निघाला. तो हवेत असतानाच खुलासा आला की शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे. इकडे त्याच्या आईने रविवारी पान वाढलं, पण वडिलांना पाणी सोडायला मुलगा नव्हता.

कोणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा अमेरिकेला पूर्ण अधिकार आहे. यावर माझ्यासारख्याने तक्रार करू नये आणि मी करतही नाही. पण कुटुंब, धर्म, परंपरा यांच्या नावाने मतं मागणाऱ्या राजकारणाने एका सहीसरशी हजारो घरांची झोप उडवावी आणि दुसऱ्या दिवशी 'तसं नव्हतं म्हणायचं' असं सांगावं, याला कन्झर्व्हेटिव्ह कारभार कसं म्हणायचं?

हा एकच प्रसंग असता तर सोडून दिला असता. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदेत घुसलेल्या जमावाशी संबंधित सुमारे दीड हजार जणांना २० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे नव्या कारकिर्दीच्या पहिल्याच दिवशी, माफी मिळाली. त्यांत पोलिसांना मारहाण करणारेही होते. 'कायदा आणि सुव्यवस्था' हे ज्या पक्षाचं पालुपद, त्याच पक्षाच्या अध्यक्षाने हे केलं. आपल्याकडचे जे काका 'ट्रम्प म्हणजे आपला माणूस' असे फॉरवर्ड पाठवत होते, ते ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेल्यावर गप्प झाले. नियम न मानणारा माणूस आपला आहे म्हणून खूश होण्यात एक धोका असतो. तो कधीपर्यंत आपला राहील हे तोच ठरवतो.

घरचं काय?

नोटाबंदी झाली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि तिच्या बाजूने हिरिरीने भांडलो होतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या मूल्याच्या ८६ टक्के नोटा बाद झाल्या. पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की त्यांतल्या ९९.३ टक्के परत आल्या. काळा पैसा नोटांच्या रूपात नष्ट होईल हा माझा सगळ्यात लाडका मुद्दा होता. तो या एका आकड्यात संपला.

कृषी कायद्यांची गोष्ट मला जास्त लागते, कारण त्यांतला मूळ विचार मला पटतो. शेतकऱ्याला त्याचा माल कुठेही विकता यावा ही मागणी दिल्लीत जन्मलेली नाही. शरद जोशी आणि त्यांची शेतकरी संघटना बाजाराचं स्वातंत्र्य मागत होती तेव्हा आजचे अनेक मंत्री त्या विषयाच्या वाटेलाही गेले नव्हते. मग झालं काय? जून २०२० मध्ये, ऐन कोविडमध्ये, अध्यादेश काढले. सप्टेंबरमध्ये विधेयकं संसदेत आली, पण समितीकडे गेली नाहीत. राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत असताना ती गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले, तेही चर्चेविना. आता पुढची कित्येक वर्षं या विषयाला कोणी हात लावणार नाही. चार महिने समितीत घासून घेतलं असतं तर कदाचित निम्मी सुधारणा तरी पदरात पडली असती. घाईने सगळीच घालवली.

माझे मित्र म्हणतात, "संस्थांचं रडगाणं काँग्रेसवाल्यांनी गावं, तू कशाला?" अरे, संस्था जपणं हे आपलं काम आहे! क्रांती करायला निघालेल्याला संस्थेची अडचण वाटली तर समजू शकतो. कन्झर्व्हेटिव्ह माणसाकडून संस्था काढून घेतली तर त्याच्याकडे उरतं काय? नुसते पोवाडे आणि डीपी.

संविधानाचं ९३ वं कलम सांगतं की लोकसभेने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत. २०१९ ते २०२४ या संपूर्ण लोकसभेला उपाध्यक्षच नव्हता. महाराष्ट्रात महाविकास आघाडीच्या काळात विधानसभेचं अध्यक्षपद फेब्रुवारी २०२१ पासून रिकामं राहिलं, ते सरकार पडल्यावर जुलै २०२२ मध्येच भरलं. दोन्ही बाजूंना खुर्ची रिकामी ठेवणं सोयीचं वाटलं. मग शिवसेना फुटली. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चूक होतं, पण मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभाध्यक्षांचा निकाल आला. दोन्हींपैकी एकाही गटाचा आमदार अपात्र ठरला नाही. पक्ष फुटला, सरकार बदललं, दीड वर्ष गेलं आणि कायद्याच्या हिशेबी कोणाचंच काही चुकलं नाही. तुमची बाजू जिंकली म्हणून तुम्ही हसलात. उद्या हाच निकाल दाखवून दुसरी बाजू तुमचा पक्ष फोडेल तेव्हा तुम्ही कोणत्या कायद्याकडे बोट दाखवणार?

चपला घालून येणारा माणूस

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर आमच्या गल्लीत या. मागच्या नाल्याची भिंत खचली आहे. जोराचा पाऊस झाला की पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी भरतं. पूर्वी असं झालं की सोसायटीतले काका नगरसेवकाला फोन लावायचे. तो रात्री अकराला चपला घालून यायचा, शिव्या खायचा आणि कुठून तरी पंप आणायचा. तो साधुसंत नव्हता. त्याचे कंत्राटदार कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याला शिव्या देता यायच्या आणि पाच वर्षांनी पाडता यायचं.

मग मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही. मुंबई, पुणे, नागपूरसह अनेक महापालिकांवर २०२२ पासून प्रशासक बसला. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे बदल, सरकारं बदलली की नवी रचना, तारखांवर तारखा. संविधानाचं २४३-यू कलम स्पष्ट आहे. महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक. तरीही २९ महापालिकांचं मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला.

कबूल करतो, सुरुवातीला मलाही बरं वाटलं होतं. 'राजकारणी गेले, आता आयएएस अधिकारी बघेल, कामं पटापट होतील.' हे वाक्य मीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि त्यावर बरेच अंगठे आले होते. पुढच्या पावसाळ्यात पाणी भरलं तेव्हा काकांनी मला विचारलं, "काय रे, आता कोणाला फोन लावायचा?" मी ॲपवर तक्रार केली. आठवड्याभराने 'तक्रार निकाली' असा मेसेज आला. पाणी तोवर आपलं आपणच ओसरलं होतं.

ती माझी दुसरी सात ओळींची चूक.

आग लावणं सोपं असतं

आता दुसऱ्या बाजूचे मित्र खूश झाले असतील, तर त्यांच्याशीही दोन शब्द. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमध्ये आंदोलन पेटलं तेव्हा तुमच्या स्टोरीजवर आगीचे इमोजी होते. सरकारने २६ ॲप बंद केली, पहिल्याच दिवशी गोळीबारात १९ जण गेले. त्या सरकारची बाजू घेण्यासारखं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी सिंहदरबार जळाला, संसद जळाली आणि सर्वोच्च न्यायालयही. न्यायालयातल्या त्या फायली कोणाच्या होत्या? मंत्र्याच्या मुलाला न्यायालयाची फारशी गरज पडत नाही. जमिनीच्या तुकड्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्याला पडते. आणि राखेतून मार्ग काढायला शेवटी कोणाला बोलावलं? सुशीला कार्की यांना, देशाच्या माजी सरन्यायाधीशांना. जे न्यायालय जाळलं, त्याच न्यायालयात कमावलेली पत कामी आली.

तुमचा आक्षेप मला माहीत आहे. 'सावकाश' हा शब्द ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांनाच परवडतो. हा आक्षेप खरा आहे आणि आमच्या बाजूचा इतिहास त्यात वाईट दिसतो. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारा केली, तेव्हा परक्या सरकारने धर्मात ढवळाढवळ करू नये म्हणून टिळकांनी विरोध केला आणि आगरकरांनी पाठिंबा दिला. आगरकर बरोबर होते. दहा वर्षांच्या मुलीला 'थांब' म्हणणारी परंपरा जपण्याच्या लायकीची नव्हती. मी नेमकं काय जपतोय हे प्रत्येक वेळी तपासलं नाही, तर मीही त्याच रांगेत उभा राहीन.

म्हणून मला बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. या देशात वाट पाहून थकण्याचा सगळ्यात मोठा हक्क त्यांच्या माणसांना होता. तरी ते म्हणाले की सनदशीर मार्ग खुला असताना रस्त्यावरचे मार्ग सोडायला हवेत. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही त्याच भाषणात सांगितलं. आणि सामाजिक विषमता तशीच ठेवली तर तिचे चटके सोसणारेच ही लोकशाहीची इमारत उडवून देतील, असा इशाराही दिला. पहिलं वाक्य आंदोलकांनी पाठ करावं, दुसरं माझ्या मित्रांनी आणि तिसरं मी.

जानेवारीत मी आणि काका बरोबर मतदानाला गेलो. कोणाला मत दिलं ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही. आता प्रभागात नगरसेवक आहेत आणि त्यांचे नंबर ग्रुपवर पिन केले आहेत. त्यांच्यापैकी एक जण माझ्या आवडीच्या पक्षाचा आहे. नाल्याच्या भिंतीचं पत्र मी पहिल्यांदा त्यालाच दिलं. पावसाळ्याआधी काम झालं नाही, तर पहिला फोनही त्यालाच जाईल, रात्री अकरा वाजता.