आराखडा कुणाचा, नाव कुणाचं?



'डिझायनर' हा शब्द हल्ली गल्लीबोळातल्या ब्लाउज शिवणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवरही दिसतो. त्यामुळे डिझाइन म्हणजे नट्टापट्टा, पैसेवाल्यांची हौस, आपल्या चळवळीशी त्याचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण सकाळी उठल्यापासून आपण ज्या वस्तूंशी झगडतो – ओटा, नळ, बसची पायरी, सार्वजनिक संडासाची कडी – त्या प्रत्येकीचा आराखडा कुणीतरी, कुठेतरी बसून ठरवलेला असतो. तो ठरवताना कुणाचं शरीर, कुणाचे कष्ट डोळ्यांसमोर होते? आणि ठरवणारी बाई असेल, तर तिचं नाव राहिलं का?

पहिल्या प्रश्नासाठी व्हिएन्नाच्या मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांची गोष्ट सांगायला हवी. जन्म १८९७चा. व्हिएन्नाच्या उपयोजित कलाशाळेत वास्तुरचना शिकणाऱ्या त्या पहिल्या मुलींपैकी. पहिल्या महायुद्धानंतर घरांची भीषण टंचाई होती आणि त्यांनी कामगारांच्या घरांचं काम अंगावर घेतलं. १९२६ साली त्या फ्रँकफर्ट नगरपालिकेच्या गृहबांधणी विभागात रुजू झाल्या आणि तिथे त्यांनी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम सत्तर चौरस फुटांचं. आगगाडीच्या भोजनडब्यात एवढ्याशा जागेत शेकडो माणसांचं जेवण कसं निघतं, हे त्यांनी अभ्यासलं होतं. कुठल्या कामाला किती पावलं पडतात, याची मोजदाद केली. बसून भाजी चिरता यावी म्हणून खिडकीशी फळी आणि फिरतं स्टूल, पीठ-तांदूळ ओतायला चोच असलेले ॲल्युमिनियमचे डबे, भिंतीला टेकवून ठेवायचा इस्त्रीचा पाट. शेजारच्या खोलीत खेळणाऱ्या मुलावर लक्ष राहावं म्हणून मध्ये सरकतं दार. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफर्टमध्ये बांधली गेली. आज शहरी घरांमधून दिसणाऱ्या सलग ओटा-कपाटांच्या स्वयंपाकघराची ती आजीच म्हणायची.

हेतू स्वच्छ होता. नोकरी करून घरी येणाऱ्या बाईचा चुलीपुढचा वेळ वाचावा, तो तिला स्वतःसाठी मिळावा. पण १९७०नंतर स्त्रीवाद्यांनी या स्वयंपाकघरावर टीका केली, आणि ती मला पटते. ही जागा एकाच माणसासाठी आखलेली होती. दोघं उभे राहिले की कोपर कोपराला लागणार. म्हणजे श्रम कमी झाले, पण ते एकटीचेच राहिले. कष्ट हलके करणं आणि कष्ट वाटून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आराखडा त्यातली एक निवडतो, आखणाऱ्याच्या मनात असो वा नसो.

मी ज्या पुनर्वसन वसाहतीत काम करते तिथला ओटा असा बसवलाय, की एकीने पोळ्या लाटायला घेतल्या की दुसऱ्या कुणाला मोरीपर्यंत जाता येत नाही. घरकामाच्या वाटणीवर आमची बैठक चालली होती. एक बाई म्हणाली, "ताई, मी सांगितलं त्याला. तो म्हणतो, मी उभा कुठे राहू ते दाखव." सगळ्याजणी हसल्या. पण इमारतीचा नकाशा मंजूर करताना ओटा कुठे असावा, हे त्या वसाहतीतल्या एकाही बाईला कुणी विचारलं नव्हतं.

लिहोत्स्कीबाईंच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. बाई आहे म्हणजे तिला स्वयंपाकघर कळणारच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. प्रत्यक्षात त्यांनी तोवर कधी संसार चालवला नव्हता, रांधलं नव्हतं. हे त्या पुढे स्वतःच सांगत असत. त्यांनी बालवाड्या आखल्या, एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रियांसाठी घरं आखली. नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात सामील व्हायला इस्तंबूलहून मायदेशी परतल्या, १९४१मध्ये पकडल्या गेल्या, पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि १९४५मध्ये युद्ध संपता संपता सुटल्या. कम्युनिस्ट म्हणून ऑस्ट्रियात त्यांना नंतर सरकारी काम जवळपास मिळालंच नाही. वयाची १०३ वर्षं पुरी व्हायला पाच दिवस उरले असताना, जानेवारी २०००मध्ये त्या गेल्या. एवढ्या आयुष्यातून जगाने लक्षात ठेवलं ते स्वयंपाकघर! त्याचा त्यांना अखेरपर्यंत वैताग होता.

नावाचा प्रश्न मात्र डेनिस स्कॉट ब्राउन यांच्याइतका कुणी स्पष्ट मांडलेला नाही. त्या आणि त्यांचे पती रॉबर्ट व्हेंच्युरी अमेरिकेत एकत्र काम करत, एकत्र लिहीत. 'लर्निंग फ्रॉम लास वेगास' या १९७२च्या पुस्तकावर स्टीव्हन आयझनौर यांच्यासह दोघांचीही नावं आहेत. तरी समीक्षक श्रेय द्यायचे ते व्हेंच्युरींना. यावर बाईंनी १९७५ साली लेख लिहिला आणि तो छापला १९८९मध्ये. चौदा वर्षं ठेवून दिला, कारण छापला तर धंद्यावर परिणाम होईल ही धास्ती. आणि छापल्यानंतर दोनच वर्षांत, १९९१मध्ये, वास्तुरचनेतलं सर्वांत मानाचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं ते एकट्या व्हेंच्युरींना. त्या समारंभाला गेल्या नाहीत. २०१३ साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी त्यांच्यासाठी सह्यांची मोहीम काढली, हजारो सह्या झाल्या, व्हेंच्युरींनीही सही केली. समितीने नकार दिला: आधीच्या समितीचा निर्णय बदलता येत नाही. स्वतः बाईंना पारितोषिक नकोच होतं. मी या कामात होते, एवढं एकदा जाहीर म्हणा, इतकीच त्यांची मागणी.

भानू अथैया आपल्या कोल्हापूरच्या. माहेरच्या राजोपाध्ये. वडील चित्रकार, ते लवकर गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या भानूताईंची चित्रं १९५३मध्ये प्रोग्रेसिव्ह गटाच्या प्रदर्शनात लागली होती. त्यात त्या एकट्या बाई. स्त्रियांच्या मासिकांसाठी पोशाखांची रेखाटनं करता करता त्या सिनेमाकडे वळल्या आणि पन्नासहून अधिक वर्षं तिथे राहिल्या. 'गांधी'मधल्या बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा प्रवास आठवा. कपडाच तिथे अर्धी कथा सांगतो. त्यासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती. २०१२मध्ये त्यांनी ती बाहुली अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवली. आपल्या पश्चात ती इथे नीट जपली जाईल याची त्यांना खात्री वाटत नव्हती. २०२०मध्ये त्या गेल्या.

आता आपल्या घरातलं. चळवळीत आपण म्हणतो, नाव कशाला, काम सगळ्यांचं आहे. तत्त्व मला मान्य आहे. पण अहवालावर संस्थेचं नाव असतं, देणगीदाराचं असतं, पाहुण्यांचं तर असतंच. गळतं ते तळाशी बसलेल्या बाईचं. आमच्या भागातल्या एका गटाकडून एका व्यापाऱ्याने गोधड्या करून घेतल्या. तुकडे जोडायची रीत गटातल्या एका आजींनी बसवलेली. दर ठरला तो टाक्यांचा; रचनेचा एक पैसा नाही. पुढल्या वर्षी तीच नक्षी छापील चादरीवर बाजारात आली. आजी म्हणाल्या, "छापू दे गं, पण माझ्याहून बरी तरी छापायची."

आपल्याकडे २०००चा डिझाइन कायदा आहे. नव्या रचनेची नोंदणी केली तर दहा वर्षं आणि पुढे वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षं हक्क मिळतो. पण एकदा बाजारात किंवा प्रदर्शनात मांडलेल्या रचनेला ही नोंदणी मिळत नाही. म्हणजे मेळाव्यात गोधडी लावायच्या आधी हा विचार व्हायला हवा, नंतर नाही. पिढीजात नक्षीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण ती एकीची नसतेच. त्यावर गटागटांत चर्चा होऊ दे.

तोवर एक करता येईल. पुढच्या अंकासाठी तुमच्या गटातल्या वस्तूंचे फोटो पाठवा: गोधडी, पिशवी, धूर न होणारी चूल, काहीही. सोबत ती कुणी शिवली किंवा घडवली, हे लिहा आणि तिची कल्पना कुणाची, हेही वेगळं लिहा. नाव तिला विचारून, ती सांगेल तसं. काहीजणी नवऱ्याचं नाव लावत नाहीत.