सतीशिळा दिसते, पाणवठा दिसत नाही

ओसाड गावं धुंडाळणारे हौशी अभ्यासक आता पुष्कळ झालेत. ते वीरगळ मोजतात, सतीशिळेवरच्या बांगड्या भरलेल्या हाताचा फोटो काढतात, पडका बुरूज लिहून ठेवतात. झाला गावाचा इतिहास! म्हणजे या इतिहासात यायचं तर बाईनं जळून मेलेलं असायला हवं. जिनं जन्मभर पाणी वाहिलं, दळलं, कंद खणले, तिची नोंद कुठे?

हा प्रश्न नुसत्या मानाचा नाही, जमिनीचा आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पाण्याच्या जागा, कंदमुळांचं रान, देवराई, स्मशान हे पुरावे मानले आहेत. स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. या जागा बायांना पावलागणिक पाठ असतात. विचारलं मात्र जातं कारभाऱ्यांना!

‘बायांना काय सांगता येतंय?’ ही सबब खोटी आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्या गाणारणींच्या नावांनिशी.

तेव्हा मैत्रिणींनो, वनहक्काचे दावे अडलेत तिथं प्रत्येक गटानं उठून गेलेली एक वस्ती घ्यावी. तिथल्या म्हाताऱ्या बायांना सोबत न्यावं. झरा, उखळ, स्मशान त्यांनीच दाखवावं. त्यांच्या शब्दांत, त्यांच्या नावानं लिहावं आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचावं. कायद्यानं पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो. मग साक्ष एकट्या पुरुषांची का?