झिरोच्या बल्बचा नातू

'मूड लायटिंग' आपल्याकडे कॉफी शॉपवाल्यांनी आणलं, असा एक गोड गैरसमज आहे. तो आधी दूर करू. तुमच्या-माझ्या लहानपणी प्रत्येक घरात मूड लायटिंग होतंच, त्याला झिरोचा बल्ब म्हणायचे. देवघरात लाल, झोपायच्या खोलीत हिरवा नाहीतर निळा. हिरव्या उजेडात खुंटीवरचा शर्ट हमखास भुतासारखा दिसायचा आणि आपण पांघरूण डोक्यावरून घ्यायचो. शिवाय हा झिरो नावाचाच झिरो. चांगली दहा-पंधरा वॅट वीज खायचा. जुन्या चकतीच्या मीटरला एवढीशी वीज कळायची नाही, म्हणून तो झिरो, अशी त्याची जन्मकथा सांगतात.

सध्या सगळ्यांच्या घरी दिसणारा, मोबाइलवरून रंग बदलणारा स्मार्ट दिवा म्हणजे या झिरोच्या बल्बचा नातू. आजोबांनी एका रंगावर जन्म काढला. नातू खोक्यावरच १ कोटी ६० लाख रंग मिरवतो. ही थाप नाही बरं का, साधा गुणाकार आहे. आत लाल, हिरवे आणि निळे असे तीन जातींचे एलईडी असतात, प्रत्येकाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या. २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ म्हणजे १,६७,७७,२१६. त्यातले बहुतेक आपल्या डोळ्यांना सारखेच दिसतात, हा भाग वेगळा. या तिघांत निळा सगळ्यात हट्टी निघाला. लाल एलईडी १९६०च्या दशकातच आला होता, पण झगझगीत निळ्यासाठी १९९०चं दशक उजाडावं लागलं. तो बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. निळा आला, म्हणून पांढरा एलईडी आला, म्हणून आज आपल्या घरात ट्यूबलाइटची ती फडफड नाही.

पुण्यातल्या माझ्या वन बीएचकेमध्ये असा दिवा आहे. पहिल्या आठवड्यात जांभळा, गुलाबी, मग मॅच असेल तेव्हा निळा, असं सगळं यथासांग करून झालं. निळ्या उजेडात वांग्याचं भरीत कसं दिसतं ते सांगत नाही, तुमचंही जेवायचं राहील. दुसऱ्या आठवड्यापासून दिवा पिवळ्यावर आला तो तिथेच राहिला. बहुतेकांचं हेच होतं. त्यामुळे माझ्या पुण्यातल्या दिव्याची गोष्ट इथेच संपते. खरी गंमत चंद्रपूरच्या दिव्याची आहे. तुकूममधल्या आमच्या घरी आई-बाबा दोघंच असतात, त्यांच्यासाठी मी तो नेला.

आता चंद्रपूरला दिवा नेणं म्हणजे कोकणात नारळ नेण्यासारखं आहे. आमच्याकडचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. १९९९पासून चंद्रपूरहून एक लाइन थेट कल्याणजवळच्या पडघ्याला जाते. लांबी साधारण साडेसातशे किलोमीटर, क्षमता १,५०० मेगावॅट. म्हणजे मुंबईकर वाचकहो, तुमच्या बेडरूममधल्या त्या रोमँटिक गुलाबीत आमच्याकडचा कोळसा असण्याची बरीच शक्यता आहे. राख मात्र आम्ही ठेवून घेतो. २००९मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, तेव्हा त्यात आमचं नाव पहिल्या काहींत होतं. असो, तो आजचा विषय नाही.

आजचा विषय बाबांची झोप हा आहे.

बाबांची सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेली. कुठे ते महत्त्वाचं नाही. खाणी, सिमेंट, पेपर मिल, वीज... चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात शिफ्ट नसलेलं घर शोधावं लागेल. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट. तीसेक वर्षं हे केल्यावर माणूस रिटायर होतो, पण झोप होत नाही. बाबा रात्री अकराला आडवे व्हायचे, दोनला उठून हॉलमधली ट्यूब लावायचे, पेपर तिसऱ्यांदा वाचायचे. मग आई उठायची. 'काऊन जी, पुन्हा ड्यूटीवर चालले का?' मग दोघंही पाचपर्यंत जागे. आईला बीपी आहे. डॉक्टरांनी गोळी दिली होती, पण ती घेतली की बाबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बधिर.

दिव्याने हे बरं होतं असं मी म्हणत नाही. दिव्याचा आणि झोपेचा संबंध मात्र पक्का आहे. आपल्या डोळ्यांच्या पडद्यावर बघायच्या पेशी असतात, तशाच आणखी काही पेशी असतात, ज्यांना चित्राशी फारसं देणंघेणं नसतं. दिवस आहे की रात्र, एवढंच त्या मेंदूला कळवतात. हा शोध ताजा आहे, २००२च्या सुमाराचा. या पेशी सगळ्यात जास्त चाळवतात निळसर उजेडाने. तो दिसला की मेंदू झोपेचं मेलॅटोनिन आखडतं घेतो. आणि आपली पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब, जी आपण 'उजेड चांगला पडतो' म्हणून कौतुकाने आणतो, ती निळ्याने भरलेली असते. खोक्यावर ६,५०० के असं लिहिलेलं असतं ना, ते भर दुपारच्या उजेडाचं माप. जुना पिवळा बल्ब २,७०० केल्विनचा, मेणबत्ती दोन हजारांच्याही खाली. रात्री दोनला उठून बाबा डोक्यावर दुपार पेटवत होते.

म्हणून दिवा. बेत साधा होता. हॉलमध्ये छताला नाही तर कोपऱ्यात, खाली, भिंतीकडे तोंड करून टेबल लॅम्पमध्ये लावायचा. (टीप: खरेदीआधी होल्डर बघा. आपल्या घरांत पिनवाला असतो आणि सुंदर लॅम्प बहुधा आट्याचे निघतात.) संध्याकाळी सातला पिवळा, नऊला अर्धा, दहाला नारिंगी आणि अगदी मंद. सगळं आपोआप.

आईची पहिली प्रतिक्रिया: 'घरात कोणाचं लग्न आहे का?' दुसरी: तिन्हीसांजेला दिवा कमी करायचा नाही, लक्ष्मी परत जाते. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि घालायचंही नव्हतं. दिवेलागणीला घर उजळायचं आणि मग हळूहळू मंद करत न्यायचं, हेच तर आपले लोक कंदिलाची वात खालीवर करून करत होते. सातचा टप्पा लक्ष्मीसाठी फुल ब्राइट केला. विषय मिटला.

बाबांचा आक्षेप तांत्रिक होता. दिवा बंद असतानाही वाय-फायची वाट बघत जागा असतो, म्हणजे वीज खातो. किती? अर्धा वॅट धर. कागद-पेन्सिल आली. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला युनिटचा एक तृतीयांश. एका युनिटला पाऊण किलो कोळसा. 'म्हणजे हा नुसता जागा राहायला महिन्याला पाव किलो कोळसा जाळते!' मी म्हटलं, बाबा, तुम्ही पण रात्री नुसते जागे राहता. ते हसले. पण हिशेब त्यांचाच बरोबर होता.

पंधरा दिवस सगळं छान. मग मे महिना आला. आमच्याकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर आणि अधूनमधून वादळ. वादळ आलं की लाइन जाते. (पुण्यात लाइट जाते, विदर्भात लाइन जाते.) लाइन पहाटे तीनला परत आली आणि दिवा एकदम पांढराफटक, शंभर टक्के ब्राइटनेसने उजळला. या जातीच्या बऱ्याच दिव्यांचा स्वभावच तसा. वीज गेली की आपण कोणत्या रंगात होतो ते विसरतात आणि परत आल्यावर जोरात 'हजर' म्हणतात. तीन वाजून पाच मिनिटांनी मला फोन. बाबा म्हणाले, 'तुझा दिवा ड्यूटीवर आला.' ॲपच्या सेटिंग्जमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो, तिथे 'पूर्वी होता तसाच' निवडायचं. दिवा घेताना हा पर्याय आहे का ते आधी विचारा. जिथे वीज कधीच जात नाही तिथल्या लोकांनी हे दिवे डिझाइन केलेत, हे अशा वेळी कळतं.

मंद उजेडावरून खरा प्रश्न उभा राहिला तो घरात नाही, अंगणात.

चंद्रपुरात जंगल गावाच्या वेशीबाहेर थांबत नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि त्याच आठवड्यात दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेलं. दुर्गापूर आमच्या घरापासून काही फार लांब नाही. तेव्हापासून आई अंगणातला हॅलोजन रात्रभर चालू ठेवते. त्याचा झोत खिडकीतून थेट बाबांच्या पलंगावर. आत मी नारिंगी, मंद, शास्त्रीय उजेड केला आणि बाहेरून आईचा सूर्य आत येत होता. आईला सांगणार काय? बाबांच्या झोपेसाठी अंधार कर? ती म्हणाली, 'झोप नाही झाली तर माणूस मरत नाही.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेजारच्या निवृत्त वनरक्षक काकांना विचारलं. ते म्हणाले, बिबट्या उजेडाला घाबरतो या भरवशावर राहू नका, मुंबईत तो दिव्याखालून फिरतो. उजेड त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. तो दिसला पाहिजे. म्हणजे उजेड जमिनीवर पाहिजे, झुडपांजवळ, संडास-नळाच्या वाटेवर. खिडकीवर नाही. हॅलोजन काढला. माणूस हलला की लागणारे दोन दिवे, खाली तोंड करून, एक फाटकाशी आणि एक मागच्या दाराशी. रंग पिवळा, कारण पावसाळ्यात पांढऱ्यावर किडे तुटून पडतात, किड्यांमागे पाली, पालींमागे आणखी कोण ते आई बोलू देत नाही. मागची झुडपं तोडली. ते सगळ्यात महत्त्वाचं, असं काकांचं मत.

याच काकांनी बाबांना लाल रंग पटवला. बुद्धपौर्णिमेला ताडोब्यात पाणवठ्यांवर मचाणं बांधून रात्रभर प्राणी मोजतात. काका कित्येक वर्षं बसलेत. पौर्णिमेचं चांदणं मोजलं तर जेमतेम पाव लक्स, आपल्या ऑफिसातला उजेड तीनशे ते पाचशे. तरीही अर्ध्या तासाने डोळे सरावतात आणि अस्वलाच्या छातीवरचा पांढरा व्हीसुद्धा दिसतो. एकाने मोबाइल उघडला की त्या मचाणावरचे सगळे पुन्हा आंधळे. म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन लावतात. लाल उजेडाने सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. बाबांना हे एकदम आवडलं. रात्री उठल्यावर आता लाल लागतो. पाणी प्यायचं, बाथरूमला जायचं, परत. पेपर त्या उजेडात वाचता येत नाही, हा बोनस.

आईला लाल आवडत नाही. देवघराचा रंग बाथरूमला जायला का?

माझी एक कॉलेजमैत्रीण भामरागड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. हे सगळं तिला फोनवर सांगत होते. (रेंज होती, नवल.) तिला विचारलं, तुला पाठवू का एक? ती खूप वेळ हसली. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहते आणि भामरागड तुटतं, तेव्हा लाइनही दोन-दोन, चार-चार दिवस येत नाही. तिच्याकडे सोलरचा एक कंदील आहे. बटण एकदा दाबलं की भरपूर, दोनदा दाबलं की मध्यम, तीनदा दाबलं की मंद. आभाळ भरलेलं असलं की ती थेट तीनदा दाबते, म्हणजे सकाळपर्यंत पुरतो. जवळच्या हेमलकशाला प्रकाश आणि मंदा आमटे १९७०च्या दशकात आले, तेव्हा तिथे वीज नव्हती. पुढे कित्येक वर्षं त्यांनी कंदिलाच्या उजेडात पेशंट तपासले. त्याआधी मोहाच्या बियांच्या तेलाचे दिवे होतेच. मैत्रीण म्हणाली, 'मंद उजेडाचा मूड काय असतो ते इकडे सगळ्यांना माहीत आहे. फुल करायचं बटण पाठव.' तिला मी शेवटी पॉवर बँक आणि एक चांगला हेडलॅम्प पाठवला. साप-विंचवाचा मुलूख, हात मोकळे लागतात.

तुम्ही घेणार असाल तर माझं मत: रंगांची संख्या बघू नका. किती खालपर्यंत मंद होतो ते बघा, स्वस्त दिवे दहा टक्क्यांवरच थांबतात किंवा थरथरायला लागतात. पिवळा २,२०० केल्विनपर्यंत जातो का ते बघा. आणि भिंतीवरचं बटण घरच्यांनी बंद केलं की ॲप, टायमर, रंग सगळं गुल, म्हणून बटणावर चिकटपट्टी लावा. आमच्याकडे ती आईने दोनदा काढली.

बाबा आता साडेदहाला झोपतात. दोनला उठतातच, पण बहुतेक रात्री वीसेक मिनिटांत परत आडवे होतात. काही रात्री पाचपर्यंत जागेच. श्रेय दिव्याचं, हॅलोजन काढल्याचं की संध्याकाळी सुरू केलेल्या फिरण्याचं, त्यांचं त्यांना माहीत. मागच्या वेळी गेले तेव्हा त्यांच्या मोबाइलवर ॲप उघडून बघितलं. मी ठेवलेली 'रिलॅक्स', 'सनसेट' वगैरे नावं त्यांनी बदलली होती. सातचा पिवळा: फर्स्ट शिफ्ट. नऊचा अर्धा: सेकंड शिफ्ट. दहाचा नारिंगी: नाइट. आणि लाल, रात्री उठल्यावरचा, त्याचं नाव 'ओव्हरटाइम'.