लवंगेचा मक्ता आणि परक्यांची तपासणी

आपल्याकडे लवंग बिर्याणीत पडते, इंडोनेशियात ती सिगारेटीत जास्त जाते. १९९०च्या दशकात या लवंगेच्या खरेदीचा मक्ता राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या धाकट्या मुलाला, टॉमीला मिळाला. शेतकऱ्याने दुसऱ्या कुणाला माल विकायचाच नाही! भाव पडले, कित्येकांनी बागांकडे पाठ फिरवली. १९९८ मध्ये नाणेनिधीच्या दबावाखाली मक्ता संपला आणि १९९९ मध्ये मक्तेदारीविरोधी कायदा आला.

२००९ मध्ये हाच कायदा अंक्टाडने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने, तपासला. ही तपासणी ऐच्छिक असते. जिनिव्हात इतर देशांचे जाणकार प्रश्न विचारतात, पण त्यांचे म्हणणे कुणावर बंधनकारक नसते. म्हणून काहीजण तिला चहापानाचा कार्यक्रम समजतात. मला तसे वाटत नाही. घरचा हिशेब परक्यांपुढे मांडायला हिंमत लागते.

मात्र हिशेब मांडला म्हणजे चूक सुधारली असे नव्हे. दंडाची कमाल मर्यादा होती २५ अब्ज रुपिया, बड्या कंपन्यांना किरकोळच. ती उठायला २०२० उजाडले. तेही कामगारांनी रस्त्यावर उतरून ज्याला विरोध केला, त्याच रोजगारनिर्मिती कायद्यातून.