माळ म्हणजे पडीक नव्हे



मांडवगण फराट्याच्या उसात बिबट्या दिसला की आपण ओरडतो. रास्तच आहे, रात्रीच्या लाइटीला दारं धरायचं म्हणजे जीव मुठीत! पण बिबट्याला ऊस मानवला, चिंकाऱ्याला नाही. त्याला उघडा, कुसळी गवताचा माळच लागतो. भीमेपलीकडे, दौंड ओलांडून बारामती तालुक्यात, सुप्याला १९९७ साली त्याच्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर! ती हद्द हरणाला काय ठाऊक? ते आसपासच्या गायरानात उतरणारच. लांडगाही तिथलाच. आणि असा माळ आपण ‘पडीक’ म्हणून नांगरतो, उन्हाळ्यात पेटवतो. पाणी पोचलं म्हणजे तिथं ऊस आलाच पाहिजे का? निदान गायरानाच्या गवताला काडी लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.