पेटींत बंद असलेले आवाज

जुन्या मैफलींचीं ध्वनिमुद्रणें केव्हां प्रसिद्ध होतील, याची वाट पाहणारा एक श्रोतृवर्ग जगांत सर्वत्र आहे. गायक निवर्तला, वादकांचें मंडळ मोडलें, ज्या सभागृहांत कार्यक्रम झाला तें सभागृहही कदाचित् पडलें. तरी हा श्रोता आशा सोडीत नाहीं. चाळीस वर्षांपूर्वींच्या एखाद्या रात्रीचें गाणें कोणाच्या तरी कपाटांत फितीवर साठविलेलें आहे, एवढें कानीं आलें कीं तो त्या बातमीवर वर्षेंच्या वर्षें काढतो. व्यवहारदक्ष माणसें त्यास वेडा म्हणतात. त्याच गायकाच्या तबकड्या बाजारांत मिळतात, त्या ऐकाव्या व स्वस्थ बसावें, असा त्यांचा उपदेश असतो. आमच्या मतें हा उपदेश बरोबर नाहीं. उलट हें वेड आमच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांत थोडेंसें तरी पसरावें, अशी आमची इच्छा आहे. व ती कां, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें पाहूं कीं, तबकडीवरचें गाणें व मैफलींतील गाणें यांत भेद कोणता. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें वाजे. ज्या रागाचा विस्तार करण्यास गवयास तास पुरत नसे, तो त्यास तेवढ्या वेळांत आटोपावा लागे. पुढें १९४८ सालीं लाँगप्ले तबकडी निघाली व एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं. तरी ध्वनिमुद्रणगृहाच्या चार भिंतींत श्रोता नसतो तो नसतोच. मैफलींत समोरचा जाणता मान हलवितो, कोणी दाद देतो, तबलजी एखादी जागा उचलून धरतो, आणि गवई स्वतः न ठरविलेल्या वाटेनें जातो. ती वाट त्या एका रात्रीपुरतीच असते. आपल्या विदर्भांतील उदाहरण द्यावयाचें तर डॉ. वसंतराव देशपांडे यांचें देतां येईल. ते १९२० सालीं मूर्तिजापूर येथें जन्मले, नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्याजवळ शिकले व १९८३ सालीं वारले. १९६७ सालच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकांतील खांसाहेबांच्या भूमिकेनें ते घरोघरीं पोंचले. परंतु ज्यांस त्यांची गायकी समजून घ्यावयाची असते, ते रसिक त्यांच्या मैफलींच्या फिती शोधीत हिंडतात. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसनें अशा मैफली कॅसेटवर प्रसिद्ध केल्या, आकाशवाणीनेंही आपल्या संग्रहांतील कांहीं गायन-वादन बाजारांत आणिलें. तेव्हां कित्येक रसिकांची प्रतीक्षा संपली. पुष्कळांची अद्याप चालू आहे.

अशी प्रतीक्षा फलद्रूप कशी होते, हें समजण्यास अमेरिकेंतील एक उदाहरण फार बोधप्रद आहे. तेथें १९६५ सालीं ‘ग्रेटफुल डेड’ नांवाचें रॉक संगीताचें एक मंडळ स्थापन झालें. त्याचा प्रमुख वादक जेरी गार्सिया १९९५ सालीं वारला व मंडळ थांबलें. तोंपर्यंत त्याचे सुमारे तेवीसशें कार्यक्रम झाले होते. एकच गाणें हें मंडळ दोन रात्रीं सारखें वाजवीत नसे. त्यामुळें श्रोते आपापलीं यंत्रें घेऊन येत व कार्यक्रम फितीवर उतरून घेत. मंडळानें त्यांस हांकून न देतां १९८४ सालीं त्यांच्याकरितां सभागृहांत निराळी जागाच राखून दिली. अट एवढीच कीं, फितींची आपसांत देवघेव करावी, विक्री करूं नये. डिक लाटव्हाला नांवाचा असाच एक फिती जमविणारा श्रोता पुढें मंडळाच्या संग्रहाचा रक्षक झाला, व १९९३ पासून त्यानें निवडलेले जुने कार्यक्रम अधिकृतपणें बाहेर पडूं लागले.

याच इतिहासाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. या मंडळासाठीं ध्वनिमुद्रण करणाऱ्या बेट्टी कँटर-जॅक्सन या बाईंच्या उत्कृष्ट फिती एका भाड्याच्या कोठारांत ठेविलेल्या होत्या. भाडें थकलें, आणि १९८६ सालीं कोठारांतील मालाचा लिलाव झाला. फिती अनोळखी हातीं गेल्या. कांहीं वर्षानुवर्षें निगेवांचून पडून राहिल्या व पुढें मोठ्या खटपटीनें दुरुस्त कराव्या लागल्या. ८ मे १९७७ रोजीं कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्यें झालेला कार्यक्रम या फितींतच होता. श्रोत्यांच्या आपसांतील देवघेवीनें त्याची कीर्ति इतकी झाली कीं, २०१२ सालीं जाहीर झालेल्या यादीनें अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचींत त्याचा समावेश झाला. अधिकृत प्रकाशन मात्र मे २०१७ मध्यें, म्हणजे चाळीस वर्षांनीं झालें. यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांनीं वाट पाहिली त्यांनीं हात जोडून वाट पाहिली नाहीं. त्यांनीं याद्या केल्या, तारखा लिहून ठेविल्या, एकमेकांस प्रती दिल्या. म्हणून लिलावांत गेलेली वस्तुही शेवटीं परत आली.

आतां आपल्या घराकडे वळूं. दिवाळीनंतर धान घरीं येऊं लागलें कीं होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम असतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील गांवोगांवीं, पुष्कळदां मंडई किंवा शंकरपट यांच्या निमित्तानें, मंडप पडतो; रात्रीं उभें राहिलेलें नाटक पहांटेस संपतें. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें या नाटकमंडळ्यांचें ठाणें. या रंगभूमीवरील नट श्री. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां आठशें भूमिका व पांच हजारांहून अधिक प्रयोग त्यांच्या नांवावर सांगण्यांत आले. पांच हजार रात्री! प्रत्येक रात्रीं गांव वेगळें, प्रेक्षक वेगळे, त्यांचें हंसणें वेगळें, आणि म्हणून नटाचें बोलणेंही वेगळें. नाटकाच्या संहितेची वही एक वेळ सांपडेल; पण वडशाच्या मंडळीनें कुरखेड्याकडील एखाद्या गांवीं पदास ‘वन्स मोअर’ मिळाल्यावर तें दुसऱ्यांदा कसें म्हटलें, हें त्या वहींत कोठून असणार? या रंगभूमीच्याही आधींची आमची दंडार आहे. दक्षिणेकडे माडिया बंधूंचीं रेला गीतें आहेत. हीं तर बहुतेक मुखांतून मुखांत आलेलीं. त्यांस वहीचाही आधार नाहीं.

असें असूनही यांतील कांहींच राहिलेलें नाहीं, असें समजण्याचें कारण नाहीं. टेपरेकॉर्डर खेड्यांपर्यंत आला त्या काळांत हौशी मंडळींनीं मंडपाच्या खांबाशीं तो टेकवून नाटकांचीं पदें, दंडारी, लग्नांतील गाणीं उतरून घेतलेलीं आहेत. तीं ध्वनिमुद्रणें आज लोखंडी पेटींत, कपाटाच्या माथ्यावर, क्वचित् धान्याच्या कणगीमागें पडून आहेत. रसिक वाट पाहतो, कारण कोठें तरी कांहीं ठेविलेलें आहे हें त्यास ठाऊक असतें. आमच्याकडे कोणाच्या घरीं काय आहे, हें शेजाऱ्यासही माहीत नसतें. म्हणून कोणी वाट पाहत नाहीं, आणि कोणी वाट पाहत नाहीं म्हणून घरचा माणूसही ती पेटी उघडीत नाहीं. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

पेटी मात्र थांबत नाहीं. कॅसेट १९६३ सालीं निघाली. तिच्या आंत प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटी एका चिकट द्रव्यानें बसविलेली असते. दमट हवेनें तें द्रव्य बिघडतें, पट्टीवर बुरशी येते, आणि मग यंत्रांत घातल्याबरोबर भुकटी खरवडून निघते. आमच्या जिल्ह्यांचा पावसाळा व चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांस अधिक सांगण्याची गरज नाहीं. शिवाय तीं यंत्रें व तीं दुरुस्त करणारे कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत. मोबाईलवर घेतलेलीं चित्रणें तरी सुरक्षित आहेत, असें कोणी म्हणेल. पण मोबाईल बदलला, जागा भरली म्हणून पुसून टाकलें, इतक्यांत तीं नाहींशीं होतात. त्यांस बुरशीचीही वाट पाहावी लागत नाहीं.

या मतावर दोन आक्षेप येतात, व दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला नाटकमंडळ्यांचा. तिकिटावर त्यांचें पोट आहे. आजचा प्रयोग उद्यां मोबाईलवरून सर्वत्र फिरला तर पुढच्या गांवीं मंडपांत कोण येईल? ही भीति खरी आहे, आणि ज्या नटांस चार महिन्यांच्या हंगामांत वर्षाची तजवीज करावयाची असते त्यांस ती अधिकच वाटणार. म्हणून आम्ही चालू नाटकें फुकट वांटावीं असें म्हणत नाहीं. ध्वनिमुद्रण मंडळीच्या संमतीनें व्हावें, नाटक रंगभूमीवरून उतरेपर्यंत तें मंडळीच्याच ताब्यांत असावें, आणि पुढें त्यांतून कांहीं प्राप्ति झालीच तर तींत गाणाऱ्याचा व त्याच्या कुटुंबाचा वांटा असावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. 

दुसरा आक्षेप कलावंताच्या इच्छेचा. गोव्यांतील केरी येथें १८९२ सालीं जन्मलेल्या केसरबाई केरकर आपलें गाणें ज्याच्या-त्याच्या यंत्रांत जाऊं देण्यास मुळींच राजी नसत. या बाबतींतील त्यांचा करारीपणा प्रसिद्धच आहे, व तो त्यांचा अधिकार होता. परंतु त्यांनीं जें थोडें ध्वनिमुद्रित होऊं दिलें, त्यांतील एक भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांतील सोनेरी तबकडीवर चढून पृथ्वीच्या बाहेर गेली. त्याच वर्षीं १६ सप्टेंबर रोजीं बाई वारल्या. संमतीनें जें ठेविलें जातें तें कोठवर जाऊं शकतें, हें यावरून दिसतें. चोरून घेतलेल्या व लपवून ठेविलेल्या फितीचा मात्र कलावंतास उपयोग नाहीं, श्रोत्यासही नाहीं. ती केवळ मालकाच्या अहंकाराची वस्तु होते.

हें सारें मोठ्या गवयांपुरतेंच आहे, असेंही कोणी समजूं नये. जॉर्ज ग्रिअर्सन यांनीं हिंदुस्थानच्या भाषांची जी पाहणी केली, तिच्यासाठीं १९१३ ते १९२९ या काळांत निरनिराळ्या प्रांतांतील भाषा ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यांत आल्या. भाषांची तुलना करतां यावी म्हणून उधळ्या पुत्राचा दृष्टांत हाच उतारा पुष्कळांकडून आपापल्या बोलींत म्हणवून घेतला होता. शिकागो विद्यापीठानें त्या तबकड्या संगणकावर आणल्यामुळें आज कोणासही त्या ऐकतां येतात. ज्यांनीं तो दृष्टांत सांगितला तीं कांहीं नामांकित माणसें नव्हतीं. तरी शंभर वर्षांपूर्वींची बोली, तिचे हेल, मध्येंच घेतलेला श्वास, हें सर्व ऐकूं येतें. आमची झाडीबोली व गोंडी-माडिया या भाषा शाळेच्या पुस्तकांबाहेर राहिलेल्या आहेत. त्यांना तर असें ऐकूं येणें अधिकच अगत्याचें.

आतां आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस थोडें सांगावयाचें आहे. हें काम सरकारनें किंवा विद्यापीठानें करावें, हें खरें; पण घरांतील पेटी उघडण्यास सरकारची आज्ञा लागत नाहीं. येत्या सुटींत प्रत्येकानें आपल्या घरीं, आजोळीं व शेजारीं अशा फिती आहेत काय, याची चौकशी करावी. सांपडल्यास ती लगेच वाजवून पाहूं नये. बुरशी असल्यास जाणत्या माणसासच दाखवावी. प्रथम कागदावर गांव, साल, नाटकाचें किंवा गाण्याचें नांव, गाणारे व वाजविणारे कोण, हें लिहावें. घरांतील वृद्ध माणसें आहेत तोंवरच ही माहिती मिळेल. आवाज राहिला व नांव गेलें तर तो आवाज पोरका होतो. मग चांगल्या यंत्रावरून फितीची संगणकावर प्रत घ्यावी, ती एकाच मोबाईलांत न ठेवतां निदान तीन ठिकाणीं ठेवावी, व मूळ फीतही टाकून देऊं नये. गाणारा हयात असेल तर त्याची, नसेल तर त्याच्या मुलाबाळांची परवानगी घ्यावी, आणि पहिली प्रत त्यांच्याच घरीं पोंचवावी. बापाचा आवाज ज्यांनीं वीस-तीस वर्षांत ऐकला नाहीं, अशा घरीं ती प्रत नेऊन देणारा विद्यार्थी संगीताच्या इतिहासाचें काय काम करतो तें पुढें कळेल; त्या घरच्या माणसांस त्याचें मोल त्याच दिवशीं कळेल.

अशा याद्या गांवोगांवीं झाल्या म्हणजे आमच्याकडेही वाट पाहणारे निर्माण होतील. अमुक गांवची अमुक सालची दंडार बाहेर केव्हां येणार, असें ते विचारूं लागतील, व ज्याच्याजवळ ती आहे त्यास ती झांकून ठेवण्याचा संकोच वाटूं लागेल. तो दिवस लवकर यावा. दरम्यान पावसाळा दर वर्षीं येतच आहे. तेव्हां पेट्या उघडण्याचें काम या उन्हाळ्यांतच करावें, हें बरें.