पाहुणा जळगावला उतरतो, पण थांबतो का?



एखाद्या शहरात आंतरराष्ट्रीय परिषद भरवावयाची असली की आयोजक त्या शहराला प्रथम दोनच प्रश्न विचारतात. इथे पोहोचायचे कसे? आणि सभेचे कामकाज आटोपल्यावर जो एक मोकळा दिवस उरतो, त्यात पाहायचे काय? सभागृह, निवास, भोजन यांचा विचार त्यानंतर होतो. आपल्या खानदेशाला हे प्रश्न कोणी विचारले तर आपण व्यापारी मंडळी काय उत्तर देऊ, याचा विचार या महिन्यात करू.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने महिला-२० गटाची बैठक छत्रपती संभाजीनगर येथे भरली. देशोदेशीच्या प्रतिनिधी आल्या. त्या शहराचा मान त्याला लाभला, यात असूया बाळगण्याचे कारण नाही. परंतु ज्या अजिंठ्याच्या नावावर जगातला प्रवासी तिकडे ओढला जातो, ते अजिंठा संभाजीनगरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि जळगावपासून साधारण साठ. लेणी त्या जिल्ह्याच्या हद्दीत असली तरी त्यांचे जवळचे मोठे रेल्वे स्थानक जळगावच आहे. वर्षानुवर्षे परदेशी प्रवासी आपल्या फलाटावर उतरतात, मोटार ठरवतात, लेणी पाहतात आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातात. आपले शहर त्यांच्या लेखी केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण राहते.

आधी पोहोचण्याचा प्रश्न घेऊ. रेल्वेच्या बाबतीत आपल्यासारखे भाग्यवान जिल्हे थोडे. मुंबईहून नागपूर-हावड्याकडे जाणारा आणि खंडवा-इटारसीमार्गे उत्तरेकडे जाणारा, असे दोन्ही मार्ग जळगाव-भुसावळवरून जातात. सुरतेहून येणारी तापीकाठची लाईन जळगावलाच येऊन मिळते. विमानतळ मार्च २०१२ मध्ये सुरू झाला. मात्र नियमित प्रवासी सेवेसाठी डिसेंबर २०१७ उजाडावा लागला, आणि नंतरही ती कधी बंद तर कधी चालू अशी राहिली. २०२४ पासून गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई या शहरांशी विमाने जोडली गेली. वेळापत्रक बदलत राहते, म्हणून पाहुण्याला बोलावण्यापूर्वी ते स्वतः पाहून घ्यावे आणि मुंबईहून रात्रीच्या रेल्वेचा पर्यायही त्याला सांगून ठेवावा.

धुळ्याचे बलस्थान रस्ता आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. रेल्वेच्या बाबतीत मात्र धुळे आजवर चाळीसगावहून येणाऱ्या फाट्याच्या टोकाचे स्थानक राहिले. २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन नव्या मार्गांना मंजुरी दिली: धुळ्यावरून जाणारा ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर मार्ग आणि अजिंठ्याच्या बाजूने जाणारा १७४ किलोमीटरचा जालना-जळगाव मार्ग. हे मार्ग पूर्ण होतील तेव्हा खानदेशचा नकाशाच बदलेल. पण मंजुरी म्हणजे गाडी नव्हे. जळगाव-अजिंठा रस्त्याचे रुंदीकरण किती वर्षे रेंगाळले आणि त्या धुळीत किती पाहुण्यांनी प्रवास केला, हे आपण विसरलेलो नाही. तोवर आपल्या हाती जे आहे, त्यावरच व्यवस्था उभारावी लागेल.

अशी व्यवस्था खानदेशाने एकदा करून दाखविली आहे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन फैजपूरला भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. तोवर अधिवेशने मोठ्या शहरांत भरत. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. फैजपूरला ना सभागृह होते, ना अतिथिगृह. जवळचे स्थानक सावदा, तेही गावापासून अंतरावर. धनाजी नाना चौधरींसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी कंबर कसली आणि साने गुरुजींनी त्यासाठी खानदेश पिंजून काढला. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना गांधीजींनी मुद्दाम बोलावून घेतले, आणि बांबूसारख्या साध्या, जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून त्यांनी टिळकनगर उभे केले. बाहेरून वैभव उसने आणून पाहुण्याला दिपवावे, असे कोणी योजले नाही. जे गावात आहे तेच नीटनेटके मांडावे, हा तिथला विचार होता.

अलीकडचे उदाहरण अमळनेरचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले. तालुक्याच्या गावाने राज्यभरातील रसिकांची सरबराई केली. पाहुण्यांना दाखवायला त्या गावाजवळ काय होते? १९१६ साली स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर होते, साने गुरुजी जिथे शिक्षक होते ती शाळा होती, आणि १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या विप्रोचे मूळ होते. आपल्यापैकी कित्येकांनी अमळनेरच्या बाजारात अनेक खेपा केल्या असतील. पण आपल्या मुलांना यातील किती ठिकाणे दाखविली?

इथेच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. पाहण्यासारखे काय, असे पाहुण्याने विचारले की आपण एका दमात अजिंठा म्हणतो आणि थांबतो. अजिंठा थोरच आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेले ते काम १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण त्याचीही नीट माहिती देता यावी. लेणी सोमवारी बंद असतात. परिषद रविवारी संपवून सोमवार फिरण्यासाठी ठेवला, तर पाहुणा बंद दारावरून परततो. वेरूळ मंगळवारी बंद असते. फर्दापूर फाट्यावर आपले वाहन ठेवून पुढचे चार किलोमीटर महामंडळाच्या बसने जावे लागते. सकाळी लवकर निघावे, वयस्कर पाहुण्यांसाठी डोलीची सोय होते हे सांगून ठेवावे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात कोणाला बोलावू नये. पाऊस सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम.

अजिंठ्याच्या वाटेवरच वाकोद लागते. स्वर्गीय भवरलालजी जैन यांचे हे जन्मगाव. त्यांनी जळगावच्या जैन हिल्सवर उभारलेले गांधीतीर्थ मार्च २०१२ मध्ये खुले झाले. ठिबक सिंचनाचे काम पाहण्यासाठी आलेला परदेशी पाहुणा तिथे दोन तास सहज रमतो. जळगावजवळचे आसोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर, आणि धरणगाव हे बालकवींचे जन्मस्थान. चाळीसगावला केकी मूस यांचे कलादालन आहे. अर्धे शतक घराबाहेर जवळजवळ न पडता या छायाचित्रकाराने जे निर्माण केले ते पाहून माणूस थक्क होतो. तिथूनच पुढे पाटणे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख याच परिसरातला. डोंगरात 'नागार्जुन कोठडी' नावाचे जैन लेणे आहे. आपल्याच समाजातील फार थोड्यांनी ते पाहिले असेल.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर ही जुन्या हस्तलिखितांची दोन भांडारे आहेत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच निवर्तले; त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेले कागद या शहराने जपले. साक्री तालुक्यातील बळसाणे येथे श्री विमलनाथ भगवानांचे तीर्थ आणि प्राचीन मंदिरांचे अवशेष आहेत. जिल्हा ओलांडून बागलाणात गेले की मांगी-तुंगी. तिथली १०८ फुटांची श्री ऋषभदेवांची मूर्ती २०१६ मध्ये प्रतिष्ठित झाली.

आता भोजनाचे. खानदेशाचे नाव घेताच पाहुणा भरिताची फर्माईश करतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्यातील अनेक घरांत बहुबीज म्हणून वांगे वर्ज्य, आणि चौविहार असल्याने सूर्यास्तानंतर चूल बंद. यात संकोचाचे कारण नाही. संकोच न सांगण्यात आहे. रात्री नऊ वाजता भुकेल्या पाहुण्यासमोर ओशाळे होण्यापेक्षा निमंत्रणातच लिहावे की आमच्याकडे भोजन सायंकाळी सहाला असते, त्याचे कारण असे आहे, आणि नंतर लागल्यास तुमच्या निवासस्थानी सोय केलेली आहे. कारण समजले की परदेशी मनुष्य या नियमाचा आदरच करतो, आणि पुष्कळदा त्या संध्याकाळच्या पंगतीचीच आठवण घेऊन जातो.

आपणांस ही व्यवस्था अवघड का वाटावी? चातुर्मास, दीक्षा महोत्सव, प्रतिष्ठा या प्रसंगी आपला संघ गावोगावच्या हजारो साधर्मिकांची व्यवस्था करतो. स्थानकावर स्वयंसेवक उभे असतात. आवास समिती, भोजन समिती, वाहन समिती ठरलेल्या असतात. कोणाला खालचा मजला हवा, कोणाचे एकासन आहे, कोणाला पहाटेची गाडी गाठायची आहे, याची वही असते. आंतरराष्ट्रीय परिषदेला याहून वेगळे काही लागत नाही. लागते ते एवढेच, की साधर्मिकासाठी जी तत्परता आपण दाखवितो ती अपरिचितासाठीही दाखवावी. अतिथिसंविभाग हे श्रावकाच्या बारा व्रतांपैकी एक. शास्त्रात त्याचा मुख्य रोख साधुसाध्वींना दान देण्याकडे आहे. परंतु आपल्या ताटातला वाटा आधी दुसऱ्यासाठी काढावा, ही त्यामागची वृत्ती घराच्या उंबरठ्यापुरती राखण्याचे कारण नाही.

यात आपला हिशोबही आहे, आणि व्यापाऱ्याने तो लपवू नये. केळी, डाळ, पाईप, सोने यांच्या व्यवहारासाठी येणारा पाहुणा एक रात्र अधिक राहिला, तर हॉटेलवाला, मोटारवाला, फरसाणवाला, कापड दुकानदार या सर्वांच्या गल्ल्यात काही पडते. त्याहून मोठी गोष्ट आपल्या मुलांची. पुण्या-मुंबईला शिकून तिथेच राहिलेली मुले म्हणतात की जळगाव-धुळ्यात आहे काय? हा प्रश्न ती आपल्याकडूनच शिकली आहेत, कारण बाहेरच्या पाहुण्यापुढे आपणही हेच म्हणत आलो.

म्हणून प्रत्येक पेढीने एक साधा कागद तयार करून ठेवावा. त्यावर रेल्वे आणि विमानाच्या वेळा, दोन भरवशाचे वाहनचालक, अजिंठ्याचा सुटीचा वार, एक दिवसाची आणि दोन दिवसांची सहल, आणि भोजनाची वेळ एवढेच असावे. घरातील इंग्रजी, हिंदी, गुजराती उत्तम बोलणाऱ्या सुना-मुलींवर आणि महाविद्यालयीन मुलांवर पाहुण्यासोबत जाण्याची जबाबदारी सोपवावी. त्यापूर्वी एका रविवारी त्यांना ती ठिकाणे स्वतः दाखवून आणावीत. युवक मंडळाने आणि महिला मंडळाने यंदाच्या हिवाळी सहलीसाठी दूरची यात्रा न ठरविता पाटणे किंवा बळसाणे निवडले, तरी आरंभ होईल.